दाजींचा डावा पंखा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सगुणाताईचे यजमान महिपती. त्यांच्याइतका चांगला माणूस पेण तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका ताप माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणी दिलेला नाही. शिंप्यानं सदऱ्याच्या बाह्या आखूड केल्या तर आपण जाऊन भांडतो. दाजी तो सदरा घालून वर्षभर हिंडले. "त्याच्या घरात आजारपण चाललंय, लक्ष कसं लागंल त्याचं?" असं वर मलाच विचारलं. भावाशी वाटणी झाली तेव्हा खाडीच्या बांधालगतची खारट जमीन यांनी घेतली आणि विहिरीजवळची भावाला सोडली, का तर भावाच्या बाजूनं बघितलं तर त्याला पोरं जास्त. मी म्हटलं, "दाजी, कधी स्वतःच्या बाजूनं पण बघत जा." तर हसले. पालथ्या घड्यावर पाणी.

ही खोड त्यांना पेणच्या गणपतीच्या कारखान्यात लागली, असं माझं ठाम मत आहे. वर्षातले बरेच महिने ते तिथे मूर्तींचे डोळे आखायचे. गिऱ्हाईक मूर्तीसमोर उभं राहून म्हणतं, "याची सोंड उजवीकडे आहे." कारखान्यातला माणूस सांगतो, "नाही, डावीकडे." कारण तिथला नियम पक्का आहे: उजवं-डावं आपलं धरायचं नाही, देवाचं धरायचं. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला, म्हणजे आपल्या उजव्या हाताला वळलेली सोंड ही त्याची डावी. त्यात घोटाळा चालत नाही, कारण उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळंओवळं सगळ्यांना झेपत नाही. दाजींनी जन्मभर समोरच्याचा उजवा-डावा सांभाळला, आणि मग माणसांच्या बाबतीतही तेच करायला लागले. देव निदान गैरफायदा घेत नाही.

दाजींचं गाव माणखार, धरमतरच्या खाडीवर. भोवती मिठागरं आणि चिखल. गावातले घरोघरचे गणपती पेणहून होडीनं आणायचा मान दाजींच्या घराण्याचा. त्यांच्या आजापासून चालत आलेला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, हरताळकेला, यांचा शिडाचा मचवा भरतीबरोबर पेणच्या अंतोरा बंदरात जायचा आणि ओहोटीबरोबर सगळे देव घेऊन परत यायचा. धक्क्यावर अख्खा गाव उभा असायचा. त्या एका दिवशी दाजींना लोक 'तांडेल', म्हणजे होडीचा कप्तान, म्हणायचे. बाकी वर्षभर "ए महिपती, जरा इकडं ये".

आणि त्र्याण्णव साली नेमका घात झाला. जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोच तोंडावर. त्यात त्या दिवशी वारा मेलाच. ओहोटी लागली, पाणी निघून गेलं आणि मचवा गावाच्या अलीकडेच गाळात बसला. गावचे सगळे देव रात्रभर खाडीच्या चिखलात. सकाळी भरती आली तेव्हा उन्हं वर आली होती, पूजा सांगणारे गुरुजी वाट बघून, चार घरांच्या पूजा तशाच सोडून, पुढच्या गावाला निघून गेले होते. दाजींनी प्रत्येकाच्या दारात जाऊन माफी मागितली. वाऱ्याची माफी मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी पंचांनी देवळात बैठक घेतली. शिवा पाटील हे मुख्य पंच. ते म्हणाले, "महिपती, मान तुझा हाय, नाय कोण म्हणतो? पण आता बांधावर खडीचा रस्ता झालाय. मोरूचा टेम्पो हाय. औंदा देव उजेडात गावात आलं नाय, तर पुढच्या सालापासनं टेम्पो." दाजी म्हणाले, "तुमचंबी बरोबर हाय." घरी येऊन मात्र जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईनं मला रोह्याला निरोप धाडला: तुझे दाजी होडीला इंजिन बसवायचं म्हणतायत, तू ये.

मी रोह्याला एका कंपनीत फिटर. मशिनचं मला कळतं, आणि मला कळतं हे घरात सगळ्यांना माहीत असूनही माझं कुणी ऐकत नाही. इंजिन दाजींनी स्वतःच पसंत करून ठेवलं होतं: शेतीपंपाचं जुनं डिझेल इंजिन, हँडल मारून सुरू करायचं. गिअर नाही. म्हणजे ते एकाच बाजूला फिरणार, होडी एकाच दिशेला जाणार. मी म्हटलं, "मागं घ्यायची झाली तर?" दाजी म्हणाले, "मागं कशाला घ्यायची? वल्हं हाय की."

बरं, इंजिन ठरलं. आता पंखा. पाण्याखाली फिरून होडीला ढकलतो तो. त्याला पाती दोन पाहिजेत का तीन, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळी झाली नव्हती. मी म्हणत होतो तीन. भरलेली होडी, समोरून वारा, तिथे तीन पाती नीट ढकलतात आणि हादरे कमी देतात. होडीत शाडूचे देव, हादऱ्यानं एखाद्याचा हात निखळला म्हणजे? खंडित मूर्ती कुणी घरात घेईल का?

ताई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "जन्या, तीन तिगाडा काम बिगाडा. देवाच्या कामाला तीन नको."

"ताई, बेलाला तीन पानं असतात."

"ते शंकराचं. हा त्याचा पोरगा."

दाजींनाही दोनच पाहिजे होती, पण त्यांचं कारण वेगळं होतं, आणि खरं सांगायचं तर चुकीचं नव्हतं. त्यांना शीड सोडायचं नव्हतं. वडिलांच्या हातचं शीड, जाताना वारा पाठीशी, मग फुकट डिझेल का जाळा? आणि शिडावर चालताना तीन पात्यांचा पंखा पाण्यात आडवा येतो, होडीला मागे ओढत राहतो. दोन पाती असली की पंख्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, हातानं फिरवून ती उभी करायची. मागच्या खांबाच्या आड ती लपतात, पाणी सरळ निघून जातं. कुठे थांबवायचं ते कळावं म्हणून शाफ्टवर चुन्याची रेघ मारून ठेवू, असं ते म्हणाले. मग मी हात टेकले. "दोन तर दोन. देवांना पेंढ्यात नीट बसवा म्हणजे झालं."

पंखा ओतायचा रोह्याच्या मालू ओताऱ्यानं. घंटा, समया, असली त्याची कामं, पण खाडीवरच्या लोकांचे पंखेही तो ओतायचा. मी दाजींना त्याच्याकडे घेऊन गेलो. व्यास ठरला, पात्याचा पीळ ठरला. मालू म्हणाला, "उजवा का डावा?" पंखा उजवीकडे फिरणारा असतो नाहीतर डावीकडे, इंजिन जसं फिरेल तसा. चुकीचा बसवला तर होडी पुढे जायच्या ऐवजी मागे जाणार. इंजिन अजून होडीत चढलं नव्हतं. मी दाजींना बजावलं, "बसवून झालं की होडीच्या मागे उभं राहून बघा, शाफ्ट कुठल्या बाजूला फिरतो ते. आणि स्वतः येऊन मालूला सांगा." दाजींनी मान हलवली. पंधरवड्यानं ते खास पेणहून गाडीनं रोह्याला आले, मालूला सांगितलं आणि परत गेले. मी शिफ्टला होतो.

मालूची भट्टी पावसानं ओली. आज ओततो, उद्या ओततो करत त्यानं इतके दिवस खाल्ले की मी त्याच्या दारात उभा राहून अद्वातद्वा बोललो. तो शांतपणे म्हणाला, "ओल्या साच्यात धातू घातला तर तुमच्या तोंडावर उडंल. घालू का?" शेवटी हरताळकेच्या आधी जेमतेम एक दिवस राहिला असताना पंखा हातात आला. ओझं खांद्यावर घेऊन मी गाडीत बसलो, पेणला उतरलो, मिळेल त्या वाहनानं माणखारला पोचलो. ओहोटीला होडी कोरडी पडल्यावर दाजींनी आणि मी गुडघाभर चिखलात उभं राहून तो बसवला. दिसायला काय सुरेख होता! ताईनं त्याला हळदकुंकू लावलं.

भरती आली तशी बातमी गावभर गेली. माणसं धक्क्यावर जमली. शिवा पाटील आले, मोरू टेम्पोवाला आला. दाजींनी नारळ फोडला, गणपतीचं नाव घेतलं, आणि मी हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इंजिन पंख्याला जोडणारा खटका ओढला, पंखा फिरायला लागला, आणि आमची होडी ऐटीत, सगळ्यांच्या देखत, मागे मागे जात धक्क्याशेजारच्या चिखलात जाऊन रुतली.

मग मोरू म्हणाला, "तांडेलांची होडी लाजली वाटतं!" आणि जो हशा पिकला, तो मी अजून विसरलेलो नाही.

इंजिन बंद करून मी दाजींकडे वळलो. "मालूला काय सांगितलंत?"

"डावा."

"फिरत कुठं होता?"

त्यांनी हात फिरवून दाखवलं. घड्याळाच्या काट्यासारखा, चक्क उजवीकडे.

"मग डावा कसा?"

"आपल्या उजवीकडं जातो म्हणजे त्याचा डावा ना," दाजी म्हणाले. "मी त्याच्या समोर उभा होतो."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि भयंकर संताप आला. या माणसानं पंख्याला देव धरलं होतं! पंख्याची सोंड मोजली होती! होडीच्या मागे उभं राहून, पंखा आपल्याकडे तोंड करून बसलाय असं समजून, त्याचं उजवं-डावं काढलं होतं. मी ओरडलो, "दाजी, पंख्याला तोंड नसतं हो! लोखंडाच्या शाफ्टची तरी बाजू घेऊ नका!" ताईनं मला गप्प केलं. दाजी म्हणाले, "मालूची चूक नाय हां यात. त्याला काय बोलू नको." मी कपाळावर हात मारून घेतला.

आता उपाय काय? इंजिन उलटं फिरवून बसवलं, तोंड तिकडचं इकडे केलं, तर काम होणार होतं. पण खालचे लाकडी पाट नव्यानं बसवायला हवेत, सुतार धरमतर पलीकडचा, आणि सणाच्या तोंडावर कुठला सुतार येतोय? नवा पंखा तर विचारूच नका. मी म्हटलं, "संपलं. मोरूला सांगा टेम्पो काढायला. एवढं पुरे झालं." दाजी होडीच्या काठावर बसून त्या पंख्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा उतरला होता की मला माझ्या ओरडण्याची लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मी चिडलेलोच होतो.

सकाळी उठून बघतो तर दाजींनी होडीचं सुकाणू काढून धक्क्यावर ठेवलेलं.

"हे काय?"

"जाताना शिडानं जाऊ, लांब वल्ह्यानं दिशा धरू. येताना ती मागं चालते ना? मग मागंच चालू दे. अंतोऱ्याला वळवायचीच नाय. जशी उभी राहील तशी परत येईल. मागची बाजू पुढं झाली, मग सुकाणूचं तिथं काय काम? मी नाळेवर, टोकाच्या बाजूला, उभा राहून वल्हं मारीन."

"लोक हसतील."

"काल हसून झालं," दाजी म्हणाले.

जाताना कसलीच अडचण आली नाही, हे मला कबूल करावं लागेल. वारा पाठीशी, पंख्याची दोन्ही पाती चुन्याच्या रेघेवर उभी केलेली, आणि मचवा शिडावर असा पळाला की तीन पात्यांचं माझं म्हणणं मी गिळून टाकलं. अंतोऱ्याला देव चढवले. दाजींनी प्रत्येक मूर्ती स्वतः पेंढ्यात बसवली, तोंडावर रुमाल घातला. आणि सगळ्यांची तोंडं होडीच्या मागच्या बाजूला. मी विचारलं तर म्हणाले, "तीच बाजू गावाकडं जाणार. गावाकडं पाठ करून देव कसा न्यायचा?"

येताना मात्र माझ्या नाकी नऊ आले. आमची अख्खी वरात उलटी. नाळ, म्हणजे होडीचं टोकदार तोंड, मागे; वराड, म्हणजे तिची मागची बाजू, पुढे. रुंद मागचा भाग पाणी ढकलत चालला होता, लाट आली की सपकन आत. मी एका हातानं इंजिन सांभाळत होतो, दुसऱ्या हातानं पाणी उपसत होतो. दोन पात्यांचे हादरे बसत होते आणि दर हादऱ्याला मी देवांकडे बघत होतो. दाजी नाळेवर उभे, दोन्ही हातांनी वल्हं धरलेलं. होडी एकदा डावीकडे भरकटायची, एकदा उजवीकडे. वाटेत मिठागरावरची माणसं काम टाकून बघायला उभी राहिली. एका रेतीच्या बार्जवरचा खलाशी ओरडला, "ओ तांडेल, पेणला चाललाव का पेणवरनं आलाव?" मी त्याला जे उत्तर दिलं ते देवांच्या देखत द्यायला नको होतं.

पण उजेड असताना, धक्क्याला पाणी असताना, आम्ही माणखारला पोचलो. बायका दिवसभराच्या निर्जळी उपासानं सुकलेल्या, तरी ताटं-आरत्या घेऊन उभ्या होत्या. मोरूनं टेम्पो थेट धक्क्याच्या तोंडाशी आणून ठेवला होता. म्हणे, गरज लागली तर असावा. होडी वळणावर दिसली, ती उलटी येतेय हे लोकांच्या लक्षात आलं, आणि पुन्हा तोच हशा. लोक पोट धरून हसत होते.

शिवा पाटील पुढे आले. तेही हसत होते. "महिपती, देव पोचलं, लय बरं झालं. पण खरं सांगू का, पुढच्या साली टेम्पोच बरा. आज अख्ख्या खाडीनं ही वरात बघितली. उद्या सगळा तालुका आपल्याला उलट्या होडीचं गाव म्हणंल. जरा आमच्या बाजूनं बघ."

मी दाजींच्या तोंडाकडे बघितलं. आता म्हणणार, तुमचंबी बरोबर हाय. मला इतका वैताग आला होता की मी बादली खाली आपटली.

दाजींनी वल्हं चिखलात रोवलं आणि जोर लावला. होडी धक्क्यापासून दूर सरकली.

"नाय," ते म्हणाले.

हसणं थांबलं.

"शिवाभाऊ, तुमच्या बाजूनं बघितलं. मोरूच्या बाजूनं बघितलं. भावाच्या, शिंप्याच्या, सगळ्यांच्या बाजूनं बघितलं. उजेडात देव आणा म्हनलाव, आणलं. आता तुमच्यातल्या कुणीतरी एकानं होडीत यायचं, माझ्या बाजूला उभं राहायचं, आन् हितनं बघून सांगायचं, टेम्पो का होडी. तोवर एक देव उतरणार नाय."

ताईनं तोंडाला पदर लावला. मी या माणसाला इतकी वर्षं ओळखत होतो, पण हा माणूस मला माहीत नव्हता. पाटलांचा चेहरा लाल झाला. "अरे, पाणी चाललंय! देव काय तुझ्या बापाचं हाय?" दाजी हलले नाहीत. पाणी खरंच चाललं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर होडी गाळात बसली असती आणि गेल्या वर्षीचीच शोभा पुन्हा झाली असती.

तेवढ्यात गर्दीतून पुतळीआजी पुढे आली. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. गावाच्या रिवाजानं पहिला गणपती तिच्या घरचा उतरायचा. "फळी टाक रं जनू," ती मला म्हणाली. मी फळी टाकली, हात दिला. ती होडीत उतरली. एकेका मूर्तीच्या रुमालाखाली हात घालून तिनं सोंड चाचपली, हात चाचपले, कान चाचपले. मग पेंढ्यातून वाट काढत ती दाजींच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिथून गावाकडे बघितलं. पुढे सगळे देव, तोंडं गावाकडे, त्यांच्यापलीकडे धक्का, माणसं, देऊळ.

"हितनं तर समदं सरळच दिसतंय," ती म्हणाली.

मग पाटलांकडे वळून: "शिवा, देव धड आलं, उजेडात आलं, गावाकडं तोंड करून आलं. तुला आनखी काय पायजे, बँड? पुढच्या साली बी हाच आणील. आन् मोरू, तुझा टेम्पो काढ वाटेतनं, बाया सकाळपासनं उपाशी हायत."

पाटलांनी एकदा बायकांच्या रांगेकडे बघितलं आणि वाद घातला नाही. दाजींनी वल्हं उपटलं, होडी धक्क्याला लागली. पहिला गणपती आजीच्या नातवाच्या हातात गेला, ताईनं ओवाळलं. पण पुढे वाट कुठे होती? तो बांध जेमतेम एका गाडीच्या रुंदीचा, दोन्ही बाजूंना मिठागराचं पाणी. टेम्पो वळवायला जागाच नव्हती. मोरूनं खिडकीतून मान बाहेर काढली, रिव्हर्स टाकला, आणि देवळापर्यंत सगळा बांध टेम्पो मागे मागे जात राहिला. त्याच्या समोरून देव घेऊन माणसं चालली होती, आणि टेम्पोच्या मागे शिवा पाटील स्वतः हात हलवत ओरडत होते, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे."